आईविना उबवलेल्या पिल्लाचे पोट



आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टीत अंगणात चार कोंबड्या चरत नाहीत असे घर विरळाच. पाहुणा आला, पंडुम आला, मुलाची वह्यापुस्तके घ्यायची झाली किंवा कुणाला दवाखान्यात न्यायचे झाले, की हात आधी खुराड्याकडे जातो. बँक तालुक्याला असते, कोंबडी दारात असते. म्हणून तिच्या पिल्लाच्या पोटाची गोष्ट सांगायला बसलो आहे.

गावठी कोंबडीची पिल्ले मरत नाहीत असे नाही. घार नेते, मुंगूस नेते, मानमोडी आली तर सारे खुराडे रिकामे होते. पण पहिल्याच आठवड्यात पंख पाडून, बूड चिकटून, एकामागून एक माना टाकणारी पिल्ले जास्त करून विकत आणलेल्या खोक्यातली असतात. असे का व्हावे? दाणा तर त्यांना आपण चांगला देतो.

त्याचे एक कारण त्यांच्या जन्मात आहे. पिल्लू अंड्यातून बाहेर येते तेव्हा त्याच्या आतड्यात जंतूंची वस्ती जवळजवळ नसतेच. खुडूक कोंबडीखाली निघालेले पिल्लू आईच्या पिसात शिरते, तिची विष्ठा टोचते, तिने उकरलेली माती आणि वारुळातली वाळवी खाते. त्यातून आईच्या पोटातले उपकारक जंतू दोन-चार दिवसांत त्याच्या पोटात मुक्कामाला येतात. ते आतड्याची जागा अडवून बसतात, आंबटपणा तयार करतात, आणि मागून येणाऱ्या रोगजंतूला बूड टेकायला जागा उरत नाही. धानाच्या बांधीत आधी रोवणा दाटला म्हणजे तणाला वाव राहत नाही, तसेच हे.

यंत्रात उबवलेल्या पिल्लाला ही आई भेटत नाही. यंत्रे वाईट नाहीत. ती नसती तर नागपूरच्या मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रासारखी केंद्रे चालली नसती, आणि १९८९ साली बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाने दिलेली गिरिराजा किंवा हैदराबादच्या संशोधन संचालनालयाची वनराजा आपल्या वाडीपर्यंत आली नसती. पिल्लाच्या पोटात उरलेल्या बलकावर ते दोन-अडीच दिवस तग धरते, म्हणून त्याला खोक्यात घालून लांब नेता येते. नागपूरहून गडचिरोली साधारण १८० किलोमीटर, तिथून भामरागड जवळपास तितकेच आणखी. पिल्लू या प्रवासात जगते खरे, पण आईने पोट भरवायचे तेच दिवस खोक्यात जातात. त्याच्या पोटात मग पहिला जो जंतू शिरेल तो घरमालक.

हे कोडे लोकांना कसे उलगडले, ते ऐकण्यासारखे आहे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत एली मेचनिकॉव्ह नावाचे शास्त्रज्ञ होते. आंबट दुधातले जंतू आतड्यातल्या घातक जंतूंना आवर घालतात, असे त्यांनी १९०७ च्या सुमारास मांडले; बल्गेरियातले खेडूत दही-दूध खाऊन दीर्घायुषी होतात, हा त्यांचा दाखला. दुसऱ्याच वर्षी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, मात्र ते शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीवरील कामासाठी. आपल्या घरच्या ताकाची थोरवी सांगायला फ्रान्सहून माणूस यावा लागला, असे म्हणून आजीने हसावे.

त्याच काळात अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यात लिओ रेटगर हे संशोधक पिल्लांच्या पांढऱ्या हगवणीचा पिच्छा पुरवीत होते. स्टॉर्स येथील संशोधन केंद्रात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पिल्लांना आंबट दूध पाजून पाहिले. पिल्ले जोमाने वाढली, मरही कमी झाली. पण रोग काही गेला नाही. रोगी कोंबडी तो जंतू अंड्यातूनच पिल्लाला देते, हेही रेटगर यांच्याच कामातून पुढे आले. तेथील हा रोग आटोक्यात आला तो पुढे पैदाशीच्या कोंबड्यांचे रक्त तपासून, रोगी कोंबड्या कळपातून काढून टाकल्यावर. ही गोष्ट ध्यानात ठेवा मंडळी, कारण आईचे पोट चांगलेही देते आणि वाईटही देते.

नंतर काळ बदलला. लेडर्ले या औषध कंपनीत थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड हे जीवनसत्त्व ब-१२ च्या शोधात होते. ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक तयार करून उरलेला चोथा त्यांनी पिल्लांना खाऊ घातला, तर पिल्ले अपेक्षेपेक्षा जास्त वाढली. १९५० मध्ये ही बातमी जगजाहीर झाली आणि खाद्यात चिमूटभर प्रतिजैविक मिसळायची रीतच पडली. आंबट दूध मागे पडले. पण रोज थोडे थोडे औषध म्हणजे जंतूंना तालीमच की! त्यातले तगडे उरतात, वाढतात, आणि तेच औषध माणसाला लागते तेव्हा चालत नाही. ब्रिटनमधील स्वान समितीने १९६९ साली हा धोका सांगितला. स्वीडनने १९८६ मध्ये वाढीसाठी प्रतिजैविके देणे बंद केले, संपूर्ण युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून. आपल्या देशात कोलिस्टिन या औषधावर जुलै २०१९ मध्ये केंद्र शासनाने खाद्यप्राण्यांसाठी बंदी घातली, कारण दवाखान्यात दुसरे काही लागू पडेनासे झाले की माणसासाठी शेवटी तेच हाताशी उरते. ज्या गावातून जिल्हा रुग्णालय गाठायला दिवस मोडतो, तिथे औषध लागू न पडणे म्हणजे काय, हे मी सांगायला नको.

या सगळ्यात फिनलंड देशात एक साधा पण मोठा प्रयोग झाला. तिथे १९७१ मध्ये मांसल कोंबड्यांत साल्मोनेला जंतूची मोठी साथ आली. एस्को नुर्मी आणि त्यांच्या सहकारी रांताला यांना एक गोष्ट खटकली : मोठ्या कोंबडीला हा जंतू सहसा बाधत नाही, एक दिवसाच्या पिल्लाला मात्र लगेच धरतो. त्यांनी निरोगी मोठ्या कोंबड्यांच्या पोटातला ऐवज पिल्लांना पाजला, मग मुद्दाम साल्मोनेला दिला. बहुतेक पिल्लांना तो बाधला नाही. १९७३ मध्ये हे छापून आले. खुडूक कोंबडी फुकटात करते तेच काम त्यांनी हाताने केले होते. पुढच्याच वर्षी पार्कर यांनी अशा जंतूंच्या पूरक खाद्यासाठी ‘प्रोबायोटिक’ हा शब्द वापरला, आणि १९८९ मध्ये रॉय फुलर यांनी त्याची व्याख्या बांधून दिली : आतड्यातील जंतूंचा तोल सुधारून जनावराला उपकारक ठरणारे जिवंत जंतूंचे पूरक खाद्य.

यातला ‘जिवंत’ हा शब्द महत्त्वाचा. तूर-सोयाबीनच्या बियाण्याला आपण गुळाच्या पाण्यातून रायझोबियम चोळतो, सावलीत सुकवतो, औषधाशी कालवत नाही. प्रोबायोटिकची पुडीही तशीच सांभाळायची आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४७ अंशांच्या घरात जातो. पत्र्याखाली ठेवलेल्या पुडीतले लॅक्टोबॅसिलस जंतू तिथेच मरतात, मग पाजलात ती नुसती भुकटी. बॅसिलस जातीचे जंतू बीजाणू करून राहतात, ते उष्णता बरीच सोसतात, म्हणून लांबच्या गावाला ते बरे. पुडीवर जंतूचे नाव आणि मुदत वाचूनच घ्या. विहिरीत ब्लिचिंग पावडर टाकली असेल तर ते पाणी रात्रभर उघड्या भांड्यात ठेवून मग वापरा, नाहीतर रोगजंतूबरोबर हेही मरतील. प्रतिजैविक चालू असताना त्याच पाण्यात प्रोबायोटिक देणे म्हणजे एका हाताने पेरून दुसऱ्या हाताने उपटणे.

घरचे ताक चालते का, असे बायाबापड्या हमखास विचारतात. पातळ करून, थोडे, ताजे दिले तर चालते. मात्र कोंबडीला दुधातली साखर नीट पचत नाही, जास्त झाले तर हगवण लागते. ताकातले जंतू पिल्लाच्या पोटात कायमचे राहतीलच असेही नाही. जस्ताच्या बादलीत ताक कधी ठेवू नका, आंबटपणाने जस्त विरघळते आणि ते विषारी आहे. मातीचे भांडे वापरा आणि दुपारच्या आत उरलेले फेकून द्या.

आणि एक गैरसमज ठामपणे खोडून काढतो. प्रोबायोटिक म्हणजे लस नव्हे. मानमोडी, म्हणजे राणीखेत, विषाणूने होते. तिच्यापुढे पोटातले मित्रजंतू काही करू शकत नाहीत. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा थेंब आणि सहा ते आठ आठवड्यांनी आर-टू-बी ही लस द्यायलाच हवी. रक्ती हगवण दिसली तर पशुधन विकास अधिकाऱ्यांना गाठा. मी शेतीची पदवी घेतलेला माणूस, जनावरांचा डॉक्टर नव्हे. औषध त्यांनीच ठरवायचे.

शंभर पिल्लांचा गट असेल तर पुडीवाचून इलाज नाही. पण दहा-बाराच पिल्ले आणली असतील आणि घरात खुडूक कोंबडी असेल, तर आपल्या आयाबायांची जुनी रीत वापरून बघा. चेक प्रजासत्ताकातल्या संशोधकांना २०१९ मध्ये असे दिसले, की मोठ्या कोंबडीबरोबर एकच दिवस राहिलेल्या पिल्लाच्या आतड्यातली वस्ती बदलून जाते. कोंबडी निरोगी, लस टोचलेली, जंताचे औषध दिलेली आणि निदान दोन आठवडे अंड्यांवर बसलेली हवी. गावात अलीकडे मर झाली असेल तर हा प्रयोग नको. मोठ्या कोंबड्यांची विष्ठा गोळा करून पिल्लांना खाऊ घालण्याचा उद्योगही नको, तिच्यातून जंत आणि रक्ती हगवण येते. नुर्मींनी तपासलेल्या कोंबड्या घेतल्या होत्या. पिल्ले एक-दोन दिवसांचीच असावीत. रात्री अंधार पडल्यावर एकेक पिल्लू हळूच तिच्या पंखाखाली सरकवावे आणि अंडी काढून घ्यावीत. पहाटे उजाडायच्या आत उठून बघावे. कोंबडी घुमत पिल्लांना जवळ घेत असेल तर जमले. चोच मारत असेल तर पिल्ले लगेच उचलून दिव्याच्या उबेखाली ठेवावीत.