वारणा सहकारी संस्थासमूह

कोल्हापूर जिल्ह्यातील पन्हाळा तालुक्यात, कोडोलीलगतच्या वारणानगर येथे साखर कारखान्याभोवती वाढलेला सहकारी व शैक्षणिक संस्थांचा समूह. प्रवर्तक तात्यासाहेब कोरे (१९१४–९४). प्रवरानगरच्या धर्तीवर (→ विखे पाटील, विठ्ठलराव) सभासदांच्या भागभांडवलातून उभारलेल्या कारखान्याचे गाळप १९५९ मध्ये सुरू झाले. त्यानंतर दूध संघ (१९६८), ग्राहक भांडार (वारणा बझार), महाविद्यालये आणि बालवाद्यवृंद निघाले.

परिसरातील कुटुंबाचा दिनक्रम या संस्थांशी बांधलेला असतो. उसाची लागण कारखान्याच्या गटकार्यालयात नोंदवली जाते. ऊसतोड नोंदीच्या तारखेनुसार व उसाच्या जातीनुसार येते आणि शेत कधी मोकळे होणार, हे त्यावर ठरते. गावच्या सेवा सोसायटीचे पीककर्ज ऊसबिलातून परस्पर वळते होते. सकाळ-संध्याकाळ डेअरीत दुधाचे माप व फॅट पाहिली जाते. त्यामुळे शेतकऱ्याला हमखास बाजारपेठ व पत मिळते, मात्र पीक व वेळ यांबाबतचे त्याचे स्वातंत्र्य आकुंचित होते. सभासदत्व सातबाऱ्याशी निगडित असल्याने भूमिहीन मजूर आणि बहुतेक स्त्रिया कारखान्याच्या मतदानाबाहेर राहतात, ही या रचनेची मोठी मर्यादा होय (→ सहकारी चळवळ, साखर उद्योग). १९९८ मध्ये वारणा परिसरातील सुमारे ७० गावे संगणकजालाने जोडण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला.