कीलिंग वक्र

कीलिंग वक्र हा पृथ्वीच्या वातावरणातील कार्बन डायऑक्साइड वायूच्या प्रमाणाचा १९५८ पासूनचा आलेख होय. हवाई बेटावरील मौना लोआ या ज्वालामुखीच्या उतारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवरील वेधशाळेत घेतलेल्या मोजमापांवरून तो काढला जातो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेतील रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स डेव्हिड कीलिंग (१९२८–२००५) यांनी ही मोजमापे सुरू केली. त्यांच्याच नावाने हा वक्र ओळखला जातो.

पार्श्वभूमी

कोळसा जाळल्याने हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढेल व पृथ्वी तापेल, हा विचार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्वांटे अऱ्हेनियस यांनी मांडला होता. परंतु हा वायू खरोखरच वाढतो आहे काय, हे कोणी खात्रीने सांगू शकत नव्हते. जादा वायू समुद्र शोषून घेतो, अशीच अनेकांची समजूत होती. शिवाय उपलब्ध मोजमापांत इतकी तफावत असे की, हवेतील या वायूचे प्रमाण ठिकाणागणिक बदलते असे मानले जाई.

कीलिंग या विषयाकडे वळले ते काहीसे आडवाटेने. कॅलिफोर्निया तंत्रज्ञान संस्थेत असताना नद्यांचे पाणी, चुनखडक आणि हवा यांच्यातील कार्बनच्या देवघेवीचा ते अभ्यास करीत होते. त्यासाठी अचूक उपकरण हवे म्हणून त्यांनी दाबमापक स्वतःच तयार केला. १९५५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील बिग सर येथे त्यांनी दिवसरात्र काचेच्या फ्लास्कमध्ये हवेचे नमुने गोळा केले. वनस्पती व माती यांच्या श्वसनामुळे रात्री प्रमाण वाढे, पण दुपारी हवा नीट मिसळली की आकडा जवळजवळ तोच येई. इतरत्रही तसाच अनुभव आला. याचा अर्थ, स्वच्छ हवेचे एक मोजता येण्याजोगे पार्श्वभूमी-प्रमाण अस्तित्वात होते.

मौना लोआ

स्क्रिप्सचे संचालक रॉजर रेव्हेल यांनी १९५६ मध्ये कीलिंग यांना संस्थेत घेतले. जगभरचे नमुने एकदा गोळा करावेत व काही वर्षांनी पुन्हा तुलना करावी, असा रेव्हेल यांचा कल होता. कीलिंग यांना मात्र अखंड मोजमाप हवे होते. अमेरिकेच्या हवामान खात्यातील हॅरी वेक्स्लर यांनी त्यांना पाठिंबा दिला आणि आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाच्या निधीतून अवरक्त किरणांवर चालणारी विश्लेषक यंत्रे घेण्यात आली. मार्च १९५८ मध्ये पहिली नोंद झाली : हवेच्या दर दशलक्ष भागांत सुमारे ३१३ भाग.

ज्वालामुखीवर कार्बन डायऑक्साइड मोजणे विचित्र वाटेल. प्रत्यक्षात विवराकडून येणाऱ्या वायूमुळे आकडे एकाएकी चढउतार करतात, त्यामुळे अशा नोंदी ओळखून वगळता येतात. दिवसा खालच्या वनराजीतून वर येणाऱ्या वाऱ्याबाबतही हीच दक्षता घेतली जाते.

पहिल्या वर्षी वीज वारंवार खंडित झाली. प्रत्येक वेळी यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर आकडा वेगळाच दिसे. दुसऱ्या वर्षी तोच क्रम पुन्हा आल्यावर उलगडा झाला. उत्तर गोलार्धातील वनस्पती उन्हाळ्यात कार्बन शोषतात व हिवाळ्यात सोडतात, म्हणून मे महिन्यात प्रमाण सर्वाधिक आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास सर्वांत कमी असते. वक्राच्या करवतीसारख्या दात्यांचे कारण हेच आहे. १९६० च्या शोधनिबंधात कीलिंग यांनी या ऋतुचक्राबरोबरच अंटार्क्टिकातील नोंदींत दिसलेली वाढही मांडली.

निधीचा प्रश्न

१९६४ मध्ये अंदाजपत्रकातील कपातीमुळे मौना लोआवरील मोजमाप काही आठवडे बंद पडले. आलेखात ती फट आजही दिसते. तीच ती नोंद वर्षानुवर्षे करण्यात संशोधन कोणते, हा आक्षेप निधी देणाऱ्यांकडून कीलिंग यांना पुढेही ऐकावा लागला. या आलेखाचे सारे मूल्य मात्र त्या पुनरावृत्तीतच आहे. १९७४ पासून अमेरिकी शासनाची यंत्रणा तेथेच स्वतंत्रपणे मोजमाप करते आणि दोन्ही मालिका एकमेकींशी जुळतात. २००५ नंतर स्क्रिप्सच्या मालिकेची जबाबदारी कीलिंग यांचे पुत्र राल्फ यांच्याकडे आली. नोव्हेंबर २०२२ मधील उद्रेकात लाव्हाने रस्ता व वीजवाहिनी तोडल्यावर मोजमाप तात्पुरते शेजारच्या मौना केआवर हलवावे लागले.

वाढ

१९५९ ची वार्षिक सरासरी सुमारे ३१६ होती. मे २०१३ मध्ये दैनिक सरासरीने प्रथमच ४०० चा आकडा गाठला आणि मे २०२५ ची मासिक सरासरी ४३० च्या वर गेली. औद्योगिक क्रांतीपूर्वीचे प्रमाण सुमारे २८० होते, हे ध्रुवीय बर्फात अडकलेल्या हवेवरून कळते. १९६० च्या दशकारंभी वाढीचा वेग वर्षाला एक भागाहूनही कमी होता. अलीकडे तो दोनांहून अधिक आहे. मानवाने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी निम्म्याच्या आसपास भाग हवेत राहतो, उरलेला समुद्र व वनस्पती शोषतात. वाढीव कार्बनच्या समस्थानिकांचे प्रमाण तो मुख्यतः जीवाश्म इंधनातून आल्याचे दर्शविते.

भारतातील नोंदी

गोव्याच्या काणकोण तालुक्यातील काब द राम येथे १९९३ पासून हवेचे नमुने फ्लास्कमध्ये घेण्यात आले. भारतीय व ऑस्ट्रेलियन संशोधकांच्या या संयुक्त उपक्रमात मोसमी वाऱ्यांचा ठसा स्पष्ट उमटला. पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून सागरावरची हवा येते, तर हिवाळ्यात ईशान्येकडून भूखंडावरची, अधिक कार्बन डायऑक्साइड असलेली हवा येते. पुण्याजवळील सिंहगडावरही भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने अशी मोजमापे केली आहेत.