हलकं धान्य कुणी ठरवलं? मुरबाड-शहापूरच्या स्वस्त ताटाचा इतिहास

आजचा विषय ऐकायला घरगुती वाटेल. खिशात पैसे बेताचे असताना अंगात ताकद राहील असं खायचं कसं? मुरबाड-शहापूरच्या रस्त्यांवर पहाटे धावणारी मुलं-मुली दिसतात. पोलीस भरतीची तयारी चाललेली असते. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर धावायचं असतं. त्यांचा प्रश्न सरळ आहे: प्रोटीनचा डबा परवडत नाही, मग आम्ही खायचं काय? आहारतज्ज्ञ त्यांना तक्ता काढून देईल. आम्ही पडलो तत्त्वज्ञानाचे मास्तर, म्हणून आधी एक उलटा प्रश्न विचारू. या मुलखात स्वस्त आणि सकस अन्न पूर्वी होतंच. मग ते ताटातून गेलं कसं?

आधी ते ताट कसं होतं ते पाहू. खाचरात भात आणि डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नागली, वरी, खुरासणी. पहिल्या वर्षी नागली, दुसऱ्या वर्षी वरी, मग खुरासणीसारखं गळिताचं पीक, आणि नंतर काही वर्षं जमीन पडीक. भात निघाल्यावर त्याच ओलीवर वाल. पहिल्या पावसात शेवळं, मग टाकळा, कुर्डू, भारंगी, करटुली, बांबूचे कोंब. ओढ्यात मासे, खेकडे. खाडीकडून वर येणारं मीठ आणि सुकट. उन्हाळ्यात मोहाची फुलं. वाळवून ठेवायची, लागेल तशी शिजवून खायची, आणि बियांचं तेल काढायचं. ठाकर, कातकरी, महादेव कोळी, कुणबी अशा सगळ्यांच्या चुलीवर यातलं कमी-अधिक काही शिजत असे.

याचा अर्थ पूर्वी रामराज्य होतं असा कुणी घेऊ नये. जुनं धान्य संपलेलं आणि नवं अजून शेतात, असे पावसाळ्यातले महिने उपासमारीचेच असत. कडू कंद खणून, पुन्हा पुन्हा उकळून आणि धुऊन खाणं ही काही हौस नव्हती. पण या ताटाचं एक वैशिष्ट्य ध्यानात घ्या. त्यातला बराच भाग बाजारातून येत नव्हता. म्हणजे त्याची किंमत पैशात नव्हती. ती हक्कात आणि कष्टात होती. रानात शिरण्याचा हक्क, फांद्या तोडून राब भाजण्याचा हक्क, फुलं वेचण्याचा हक्क.

आता हा हक्क कसा आकसला ते बघा. 1878 साली भारतीय वन कायदा आला आणि सरकारी राखीव जंगलांची व्यवस्था पक्की झाली. राबासाठी फांद्या तोडणं, गुरं चारणं, सरपण आणणं या सगळ्याला आता परवानगी आणि बंदी लागू झाली. ठाणे-कुलाब्यातून इतक्या तक्रारी गेल्या की मुंबई सरकारला 1885 साली एक वन चौकशी आयोग नेमावा लागला. त्याच 1878 साली मुंबई इलाख्याचा अबकारी कायदाही झाला. दारू गाळण्यावर नियंत्रण आलं, पण मोहाची फुलं घरोघरी होती. चोरून गाळलेल्या दारूमुळे महसूल बुडतो अशी सरकारची तक्रार. म्हणून 1892 साली मोहासंबंधी स्वतंत्र कायदा झाला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत फुलांच्या साठवणीवर आणि विक्रीवर बंधनं आली. सरकारी कागदावर ते फूल दारूचा कच्चा माल होतं, घरात ते धान्य संपल्यावरचं अन्न होतं. कायद्याने एकच बाजू पाहिली. योगायोग असा की त्याच 1892 साली शहापूर तालुक्यातल्या तानसा तलावाचं पाणी मुंबईला मिळू लागलं.

अमर्त्य सेन यांनी 1981 साली दुष्काळांवरच्या पुस्तकात एक मुद्दा मांडला. माणूस उपाशी राहतो तो नेहमी अन्न नसल्यामुळे नाही, तर असलेल्या अन्नावर त्याचा हक्क पोहोचत नाही म्हणून. सेन यांच्यासमोर मुख्यतः 1943 चा बंगालचा दुष्काळ होता. मुरबाडचं उदाहरण दुष्काळाचं नाही, पण तत्त्व तेच लागू पडतं.

स्वातंत्र्यानंतर प्रश्न वेगळ्या पद्धतीने मोजला गेला. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी 1971 साली भारतातल्या दारिद्र्यावर आपला प्रसिद्ध अभ्यास मांडला. रोज 2250 कॅलरी मिळायला किमान किती खर्च लागतो, असा त्यांचा हिशेब. 1960-61 च्या भावाने खेड्यात माणशी महिना 15 रुपये, शहरात साडेबावीस. आपला आजचा प्रश्न हाच आहे की नाही? मग पां. वा. सुखात्मे यांनी आक्षेप घेतला. सातारा जिल्ह्यातला हा संख्याशास्त्रज्ञ जागतिक अन्न संघटनेत काम करून आलेला. त्यांचं म्हणणं, माणसामाणसाची गरज वेगळी असते, आणि एकाच माणसाचीही रोज सारखी नसते. म्हणून एका आकड्याची रेघ ओढून सगळ्यांना मोजू नका. वाद बरीच वर्षं चालला. भुकेल्यांची संख्या कमी दाखवायला हा युक्तिवाद वापरला जाईल, अशी भीती अनेकांना वाटली आणि ती अनाठायी नव्हती. पण दोन्ही बाजूंचा मोठा भर उष्मांकांवर होता. नागलीतलं कॅल्शियम, पालेभाजीतलं लोह यांना त्या हिशेबात जागा थोडी.

रेशनचंही तसंच झालं. रेशन आलं ही फार मोठी गोष्ट, त्याने पोट भरलं. हे विसरून बोलणं कृतघ्नपणाचं होईल. पण रेशन म्हणजे मुख्यतः तांदूळ आणि गहू. पोट भरणं आणि अंग धरणं यांतलं अंतर 1992-93 साली साऱ्या महाराष्ट्राला दिसलं. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या जव्हार तालुक्यात, वावर-वांगणीला, कुपोषणाने लेकरं दगावली.

आणखी एक गोष्ट गेली ती भाषेमुळे. नागली-वरीला आपण ‘हलकी धान्यं’ म्हणत आलो. हलकं कशाने? शंभर ग्रॅम नागलीत सुमारे 344 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, पांढऱ्या तांदळात दहाच्या आसपास. मग हलकं कोण? धान्य खाणाऱ्याची पत हलकी, म्हणून धान्य हलकं ठरलं. पाहुणा आला की काळी भाकरी लपवायची, हे आम्ही याच भागात पाहिलं आहे. आता 2023 साली संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष पाळलं, केंद्राने त्यांना ‘श्री अन्न’ म्हटलं, आणि शहरातल्या दुकानात नाचणीची बिस्किटं सुंदर डब्यात आली. हमीभाव पाहा: 2024-25 साली नागली क्विंटलला 4290 रुपये, भात 2300. मान मिळाला, पण गरिबाला विकत घ्यायची तर ती तांदळापेक्षा महाग झाली.

आता धावणाऱ्या मुलांना उत्तर देऊ. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात. साठ किलोच्या मुलाला सुमारे 50 ग्रॅम. सराव करणाऱ्याला आणखी हवीत. दिवसाला 400 ग्रॅम तांदूळ-नागली मिळून 28 ग्रॅम. शंभर ग्रॅम वाल, चवळी, कुळीथ किंवा मसूर यांतून 22 ते 25. मूठभर, म्हणजे 40-50 ग्रॅम शेंगदाण्यांतून 10 ते 12. एका अंड्यातून 6. बेरीज साठीच्या पुढे जाते. सुकट खात असाल तर तिच्यात शंभर ग्रॅमला साठच्या आसपास प्रथिनं. खारट असते, म्हणून थोडी आणि धुऊन. भातात जे कमी ते डाळीत असतं, डाळीत जे कमी ते भातात. म्हणून वरण-भात एकत्र. कडधान्याला मोड आणा. पालेभाजीवर लिंबू पिळा, लोह नीट अंगी लागतं. रानभाजी मात्र जाणत्या बाईला विचारूनच; शेवळं काकडाच्या फळांशिवाय शिजवली तर घसा धरतात.

पण एकट्या मुलाने हिशेब नीट केला म्हणून सारं सुटत नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर मालकी मान्य केली आहे. मोह, कंद, रानभाजी त्यातच येतात. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ-गव्हाच्या शेजारी भरडधान्यही लिहिलेलं आहे. तेव्हा आपल्या गावचा सामूहिक वनहक्काचा दावा कुठे अडला आहे, आणि रेशनवर नागली का मिळू नये, हे दोन प्रश्न पुढच्या ग्रामसभेत विचारा. धावायचं तर तुम्हालाच आहे, पण ताट सगळ्या गावाचं आहे. आता तुमचे प्रश्न घेऊ.