पत्राचा आरंभ ओळखण्याची विद्या

मोडी पत्राच्या शिरी ‘श्री’ असे व शेवटी ‘लेखनसीमा’ वा ‘मोर्तब सुद’. म्हणून आदि-अंताविषयी संशय उरत नसे. संगणकाच्या टपालास असे शिस्तीचे कारकून लाभले नाहीत. युनिक्स प्रणालीत १९७१ पासून एकाची सारी पत्रे एकाच सलग फायलीत साठत. पुढे ओळीच्या आरंभी ‘फ्रॉम’ व त्यापुढे रिकामी जागा आली की नवे पत्र, असा संकेत रूढ झाला. हीच ‘एम्बॉक्स’ रचना. परंतु मजकुरातीलच ओळ ‘फ्रॉम’ने सुरू झाली तर? एका पत्राची दोन होत! म्हणून तीपूर्वी कोनाची खूण घालू लागले. म्हणजे लिहिणाराच्या मजकुरात परकी लेखणी शिरली. कोणी ती खूण वाचताना काढी, कोणी तशीच ठेवी, तर कोणी पत्राची लांबीच वर नोंदवी. २००५ साली ‘एम्बॉक्स’ हे नाव अधिकृत नोंदले गेले, पण रचनेची एकच व्याख्या ठरली नाही. ‘मेलडिर’ रचनेत प्रत्येक पत्राची फाईल निराळी; ‘न्यू’, ‘कर’ व ‘टेम्प’ या तीन कप्प्यांवरून ती ओळखावी. मला हीच पसंत. आमच्या सोयगावाहून परगावी गेलेल्या मुलांची जुनी पत्रे उघडताना आज्ञावलीस फायलीच्या नावावर विसंबू देऊ नये. पहिली ओळ तपासून नेमका प्रकार सांगावा, आणि तोवर मूळ प्रतीस हात लावू नये.