बेने इस्रायल : जनुकीय वंशशोध

बेने इस्रायल हा कोकणातील मराठीभाषक ज्यू समाज. अलिबाग, पेण, रोहे, पनवेल हा त्याचा जुना टापू. घाण्यावर तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचा, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. पुढे फौजेतील आणि सरकारी नोकरीच्या ओढीने ही घराणी मुंबई-ठाण्याला आली. ठाण्याचे सिनेगॉग १८७९ सालचे आहे. 

पेणकर, रोहेकर, केहीमकर ही आडनावे गाव सांगतात, काळ सांगत नाहीत. काळासाठी समाजाने एक कथा जपली आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहीमकर ही घटना इसवी सनापूर्वीची मानत. कागदोपत्री पुरावा नाही. आकडा सातच का, असा प्रश्न चिकित्सक वाचकाला पडावा.

२०१६ मध्ये कॉर्नेल आणि तेल अवीव विद्यापीठांतील संशोधकांनी ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात या समाजाच्या १८ व्यक्तींच्या जनुकसंचाचा अभ्यास प्रसिद्ध केला. पश्चिम आशियाई ज्यू आणि भारतीय, दोन्ही अंश त्यात भरघोस निघाले. संकर सुमारे १९ ते ३३ पिढ्यांमागे, म्हणजे ६५० ते १,०५० वर्षांपूर्वी झाला असावा. ज्यू वारसा मुख्यतः पुरुषांकडून आला, भारतीय वारसा मुख्यतः स्त्रियांकडून.

हे गणित असे. दोन समूहांचा संकर झाला की पहिल्या पिढीत प्रत्येक समूहाकडून आलेली गुणसूत्रे सलग असतात. पुढे दर पिढीत त्यांची तोडजोड होते आणि तुकडे आखूड होत जातात. उरलेल्या तुकड्यांच्या लांबीवरून पिढ्या मोजतात. मात्र या मोजणीतून संकराचा काळ कळतो, गलबताचा नाही. लोक आधी येऊन बराच काळ आपसांतच सोयरीक करत राहिले असतील, तर त्या काळाची नोंद या तुकड्यांत उमटत नाही. त्यामुळे नवगावची कथा या अभ्यासाने खोटी ठरत नाही, खरीही ठरत नाही.

समाजातल्या एका जुन्या भेदाला मात्र हा अभ्यास अडचणीत आणतो. ‘गोरे’ म्हणजे शुद्ध वंशाचे आणि ‘काळे’ म्हणजे स्थानिक स्त्रियांची संतती, असे मानून त्यांच्यात रोटीबेटी व्यवहार टाळला जाई. पण सगळ्या समाजाचाच मातृवंश मोठ्या प्रमाणात इथला असेल, तर ही रेघ कुठे ओढायची? इस्रायलमध्ये १९६० च्या दशकात रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, तिथे गेलेल्या बेने इस्रायलांच्या विवाहांबाबत शंका काढली, आंदोलन झाले आणि १९६४ मध्ये तिथल्या संसदेने त्यांना सर्वार्थाने ज्यू मानले. तो निर्णय डीएनएवाचूनच झाला.

आईकडची रेषा आणखी मागे नेली की घराण्याचा इतिहास मानवाच्या प्रागितिहासात शिरतो. भारतात सर्वत्र आढळणारा ‘एम’ हा मातृवंशसमूह आफ्रिकेतून बाहेर पडलेल्या आधुनिक मानवाच्या काळापर्यंत, काही दशसहस्र वर्षांमागे, पोहोचतो. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधनसंस्थेतील कुमारसामी थंगराज आणि हार्वर्डचे डेव्हिड राइश यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवले, की भारतातील दोन प्रमुख पूर्वजसमूहांची व्यापक सरमिसळ साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी झाली. नंतर जातीअंतर्गत विवाहांनी ती आवळली. बेने इस्रायलांच्या कोकणी आज्या-पणज्या या सरमिसळीनंतरच्या. म्हणजे एकाच कुटुंबात दोन संकर, एकावर एक.

याहून जुन्या काळासाठी प्राचीन हाडे लागतात आणि उष्ण हवेत डीएनए लवकर नासतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे यांनी हरियाणातील राखीगढी या हडप्पाकालीन स्थळी उत्खनन केले. तिथल्या ६० हून अधिक नमुन्यांची तपासणी झाली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वाचता आला तो एका स्त्रीचाच जनुकसंच. कोकणची हवा उष्ण तर आहेच, शिवाय दमटही. त्यामुळे बेने इस्रायलांचा हा शोध आजवर जिवंत माणसांच्या नमुन्यांवरच चालला आहे.