ग्रास कटरचा कार्ब्युरेटर आणि बदलते पेट्रोल : एका बिघाडाचा इतिहास

पेट्रोलवर चालणाऱ्या ग्रास कटरची तक्रार बहुधा एकाच प्रकारची असते. मागच्या हंगामात यंत्र चांगले चालत होते, मधले काही महिने टाकीत पेट्रोल तसेच राहिले, आता चोक लावला की इंजिन सुरू होते आणि चोक काढला की बंद पडते. ‘कार्ब्युरेटर गेला’ असे म्हणून भाग बदलला जातो आणि पुढच्या वर्षी तीच तक्रार पुन्हा येते. या पाठात आपण या बिघाडाचा इतिहास पाहू. यंत्र, कायदा आणि इंधन या तीन गोष्टी वेगवेगळ्या काळात बदलल्या. त्यांचा मेळ जिथे बसला नाही, तिथे हा बिघाड निर्माण झाला.

१. फ्लोटकडून डायफ्रामकडे

सुरुवातीच्या कार्ब्युरेटरमध्ये इंधनाची पातळी फ्लोट राखत असे. १८९३ मध्ये हंगेरीतील दोनात बांकी आणि यानोश चोंका यांनी आपल्या कार्ब्युरेटरचे पेटंट घेतले. जर्मनीत विल्हेल्म मायबाख याच दिशेने काम करीत होते. मोटारीसाठी फ्लोट उत्तम, कारण मोटार उलटी होत नाही. झाड तोडणारी साखळी-करवत मात्र आडवी, तिरकी, कशीही धरावी लागते. अशा वेळी फ्लोट निरुपयोगी ठरतो.

यावर उपाय म्हणून १९५०च्या सुमारास अमेरिकेतील टिलटसन कंपनीने करवतींसाठी डायफ्रामचा कार्ब्युरेटर पुढे आणला. यात दोन लवचिक पडदे असतात. क्रँककेसमधील दाब सतत कमी-जास्त होत असतो. त्यावर पहिला पडदा हलतो आणि टाकीतून इंधन ओढतो. दुसरा पडदा इंजिनाच्या ओढीनुसार सुईची झडप उघडतो व इंधन मोजून देतो. यंत्र कोणत्याही कोनात धरले तरी पुरवठा चालू राहतो. टाकीत नळीच्या टोकाला जड फिल्टर असतो. तो इंधन ज्या बाजूला असेल तिकडे घसरतो.

२. गवताकडे वळलेले इंजिन

फिरत्या दोरीने गवत कापण्याची कल्पना १९७१ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन शहरात जॉर्ज बॅलस यांना सुचली. मोटारी धुणाऱ्या यंत्राचे फिरते ब्रश पाहून त्यांनी पत्र्याच्या डब्याला भोके पाडली, त्यांत मासे पकडण्याची नायलॉन दोरी ओवली आणि डबा मोटरवर फिरवला. त्यांची ‘वीड ईटर’ कंपनी १९७७ मध्ये इमर्सन इलेक्ट्रिकने विकत घेतली. पेट्रोलवर चालणाऱ्या ट्रिमरला हलके टू-स्ट्रोक इंजिन आणि डायफ्रामचा कार्ब्युरेटर हवा होता. करवतीमुळे हे दोन्ही आधीच तयार होते.

३. कायद्याने बंद केलेला स्क्रू

टू-स्ट्रोक इंजिनात ताजे मिश्रण आत येताना त्यातील बराच भाग न जळता बाहेर जातो. म्हणून कॅलिफोर्नियाने १९९५ पासून आणि अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९७ पासून लहान इंजिनांच्या धुरावर मर्यादा घातल्या. कार्ब्युरेटर कमी इंधन देतील असे लावले गेले आणि मिश्रणाच्या स्क्रूंवर टोप्या बसल्या, किंवा ते विशेष हत्याराशिवाय फिरेनासे झाले. हवा स्वच्छ ठेवण्यासाठी हे आवश्यक होते. पण त्यामुळे इंधन बदलल्यावर मिश्रण जुळवून घेण्याची सोय वापरणाऱ्याच्या हातून गेली.

४. इथेनॉल आले

नेमके याच काळात इंधन बदलले. २००५ च्या ऊर्जा धोरण कायद्यानंतर अमेरिकेत १० टक्के इथेनॉलचे पेट्रोल सर्वत्र रूढ झाले. २०११ मध्ये १५ टक्के मिश्रणाला २००१ नंतरच्या मोटारींसाठी परवानगी मिळाली; बागकामाच्या यंत्रांत मात्र ते वापरण्यास मनाई राहिली.

भारतात जानेवारी २००३ पासून महाराष्ट्रासह नऊ राज्ये व चार केंद्रशासित प्रदेशांत ५ टक्के मिश्रण सुरू झाले. जून २०२२ मध्ये देशाने १० टक्क्यांचा टप्पा गाठला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्क्यांच्या पेट्रोलची विक्री सुरू झाली. तेल आयात कमी करणे आणि उसाला आणखी एक बाजार मिळवून देणे हे यामागचे हेतू आहेत. या धोरणावरची चर्चा मुख्यतः मोटारी आणि दुचाकींभोवती फिरली. शेतातला ब्रश कटर मात्र त्याच पंपावर पेट्रोल भरतो.

५. बिघाडाचे तीन भाग

पहिला भाग रबराचा. जुन्या प्रकारची नळी आणि डायफ्राम इथेनॉलमध्ये फुगतात आणि सुकल्यावर कडक होतात. नळीला चीर पडली की इंधनाऐवजी हवा ओढली जाते.

दुसरा भाग पाण्याचा. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते. पाणी मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल आणि पाणी यांचा थर तळाशी बसतो. फिल्टरही तळाशीच असतो. म्हणून इंजिनाला सर्वांत आधी हाच थर मिळतो, आणि त्यात टू-स्ट्रोक ऑइल फारसे नसते.

तिसरा भाग प्रमाणाचा. शुद्ध पेट्रोलच्या १ किलोला जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ किलो, तर २० टक्के मिश्रणाला सुमारे १३.५ किलो. नव्या मोटारीत सेन्सर हे ओळखून इंधन वाढवतो. लहान कार्ब्युरेटरला हे कळत नाही. मिश्रण विरळ होते, इंजिन तापते आणि पिस्टन धरण्याचा धोका वाढतो. जो माणूस रोजंदारीवर गवत कापतो, त्याची त्या दिवसाची कमाई बुडते आणि वर दुरुस्तीचा खर्च येतो.

६. दुरुस्तीचा क्रम

म्हणून कार्ब्युरेटर बदलण्याआधी जुने पेट्रोल काढून टाका. नळी वाकवून चिरा पाहा. प्रायमर बल्ब दाबून परतीच्या नळीत बुडबुडे येतच राहतात का ते तपासा. फिल्टर बदला. त्यानंतरच कार्ब्युरेटर उघडा. डायफ्राम आणि गॅस्केट कोणत्या क्रमाने निघाले ते कागदावर मांडून ठेवा. कडक झालेला डायफ्राम धुऊन मऊ होत नाही, तो बदलावाच लागतो. नवी नळी घेताना ती इथेनॉलला टिकणारी आहे याची खात्री करा. हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.

थोडक्यात, या बिघाडाला केवळ वापरणाऱ्याची हेळसांड जबाबदार नाही. एका काळातील इंधनासाठी ठरवलेले रबर आणि मिश्रण दुसऱ्या काळातील इंधनावर चालवले जात आहे. इंधनाचे धोरण ठरवताना मोटारींबरोबर या लहान इंजिनांचाही हिशेब झाला पाहिजे.

विचारासाठी प्रश्न
१. फ्लोटचा कार्ब्युरेटर साखळी-करवतीत का चालत नाही?
२. मिश्रणाचा स्क्रू वापरणाऱ्याच्या हाती असावा का? प्रदूषण आणि दुरुस्ती या दोन्ही बाजू मांडा.
३. आपल्या परिसरात पेट्रोलवरची कोणती लहान इंजिने वापरात आहेत? त्यांच्या नळ्या किती वेळा बदलाव्या लागतात, याची नोंद करा.