ऐकायचं कोणत्या कोठाराचं?

१९९३ साली इयन मरडॉक यांनी ‘डेबियन’ ही मुक्त संगणक प्रणाली सुरू केली. तिच्यातलं ‘डीपीकेजी’ हे साधन प्रोग्राम बसवून देई. पण त्याला लागणारे आणखी चार प्रोग्राम वापरणाऱ्यानंच शोधून आणायचे. १९९९ साली ‘डेबियन २.१’बरोबर ‘ॲप्ट’ आलं आणि ही पायपीट थांबली. इंटरनेटवरच्या कोठारांतून, म्हणजे रिपॉझिटरींतून, ते लागेल ते सारं स्वतःच आणू लागलं.

मित्रहो, कोठारं अनेक झाली, की ऐकायचं कुणाचं? ॲप्ट त्यांना प्राधान्याचा आकडा देतं, सहसा ५००. आकडे सारखे असले, तर नवी आवृत्ती जिंकते. म्हणजे यादीत एखादं परकं कोठार जोडलं, की त्यातली नवी आवृत्ती मूळ कोठारावर मात करू शकते. त्याला १०० दिले, तर ते मागच्या रांगेत बसतं; उणे आकडा दिला, तर दार बंद.

२००७ च्या ‘डेबियन ४.०’पासून ॲप्ट कोठाराची डिजिटल सहीही तपासतं. पण सही माल कुणाचा एवढंच सांगते. तो माणूस भरवशाचा आहे का, हे नाही. मी कवितेत शब्द घेतो, तो केवळ नवा म्हणून नव्हे. संगणकावरही प्राधान्याचा आकडा विचार करूनच लिहावा.